दाजींच्या पोटातला फुगा

जेवताना दाजींना बोलायची गरज पडत नसे. मटणाची नळी चोखून झाली की ते ती स्टीलच्या ताटावर दोनदा आपटायचे. पहिल्या ठोक्याला आतला मगज बाहेर यायचा आणि दुसऱ्या ठोक्याला आक्का. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, दाजींची बायको. पदराला हात पुसत ती रश्श्याचं पातेलं घेऊन धावत यायची आणि दाजी तिच्याकडे न बघता वाटी पुढे सरकवायचे. या माणसाबद्दल मी चार चांगले शब्द लिहीन, अशी कुणाची अपेक्षा असेल तर त्यानं इथंच थांबावं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी ते असतानाही वाईटच बोलत होतो, आता ते गेले म्हणून चाल बदलायचं मला काही कारण दिसत नाही.

आमचं गाव शाहूवाडीकडचं. डोंगरउतारावरची भातशेती, चार म्हशी, एवढाच संसार. नव्वद सालाच्या आसपास दाजी आक्काला बघायला आले तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. मुलगी बघायला आलेली माणसं नाव विचारतात, शिक्षण विचारतात. दाजी आधी पोटभर जेवले, बोटं चाटली आणि म्हणाले, "कोंबडी कुणी केलीया?"

"मीच," आक्का म्हणाली.

"मग झालं की. आता इचारायचं काय ऱ्हायलंच न्हाय."

सगळे हसले. वडील तर इतके खूश झाले की जाताना त्यांनी पाहुण्यांच्या गाडीत तांदळाचं पोतं टाकलं. मीही हसलो होतो. पुढं त्या हसण्याची मला फार चीड आली, पण ती पुढं.

दाजींचं कोल्हापूरच्या कसबा बावड्यात शेतीपंपाच्या मोटारी वाइंडिंग करायचं दुकान होतं. मोटारी कामगार भरायचे आणि दाजी खुर्ची भरायचे. कॉलेजची दोन वर्षं मी त्यांच्याकडे राहिलो, त्यामुळं मी बोलतो ते सगळं डोळ्यांनी बघितलेलं आहे. माणूस कष्टाचा चोर, आवाजाचा मोठा आणि पोटाचा त्याहून मोठा. पोटावरून हात फिरवत मला म्हणायचे, "पावणं, कोल्हापूरच्या पाण्यात माणूस वाळत न्हाय. वाळलाच तर समजायचं, बायको नीट करून घालत न्हाय." म्हणजे यांनी खाऊन खाऊन शर्टाची बटणं तोडायची आणि ते बायकोच्या गुणाचं प्रमाणपत्र म्हणून गावभर मिरवायचं. पोरबाळ झालं नाही. त्यामुळं आक्काच्या वाट्याला खायला घालायला एवढं एकच माणूस आलं, पण ते चौघांना भारी होतं.

आक्काचं डोकं दुखायचं. सकाळी मसाला वाटण्यापासून सुरू व्हायचं ते दिवसभर. मी एकदा दाजींना म्हणालो, तिला डॉक्टरकडं न्या.

"डोस्कं कुणाचं दुखत न्हाय? तुमचं त्वांड बघून माझं बी दुखतंय."

मग कोपऱ्यावरच्या दुकानातून गोळी यायची. रोज एक, मग दोन, पुढं पुढं चहाबरोबर बिस्कीट खावं तशी. मी शिकून जयसिंगपूरला गणिताचा मास्तर झालो, लग्न केलं, वडील गेले. आक्काच्या गोळ्या चालूच होत्या. दोन हजार सालानंतर कधीतरी तिचे पाय सुजायला लागले, तोंड सुजलं, आणि तपासण्या झाल्या तेव्हा दोन्ही मूत्रपिंडं गेल्यात जमा होती. डॉक्टरांनी विचारलं, दुखण्याच्या गोळ्या किती वर्षं घेताय? आक्कानं दाजींकडे बघितलं. दाजी पंख्याकडे बघत होते.

आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. किडनी बदलायची तर देणारा पाहिजे. आई थकलेली. मला तरुणपणीच साखर निघालेली, त्यामुळं मी बाद. सगळ्या घरात रक्तगट जुळला तो एकट्या दाजींचा. पण दाजी एकशे अठरा किलो. डॉक्टर म्हणाले, शंभराच्या खाली या, त्याशिवाय मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही.

"म्हंजे किडनी बी मीच द्यायची आन् उपास बी मीच करायचा?" दाजी म्हणाले.

तेव्हा त्या दवाखान्यात पुण्याहून एक डॉक्टर महिन्यातून दोनदा यायचे. त्यांनी पोटात फुगा ठेवायचं सुचवलं. ऑपरेशन नाही, टाका नाही. तोंडातून नळी घालून मऊ फुगा पोटात सोडायचा आणि तिथं त्यात अर्धा लिटर पाणी भरायचं. पोट आधीच निम्मं भरलेलं, त्यामुळं माणूस दोन घासांत हात धुतो. सहा महिन्यांनी फुगा तसाच तोंडावाटे बाहेर काढायचा. दाजींनी तीनदा विचारलं, "प्वाट कापत न्हाईत न्हवं?" तीनदा नाही म्हटल्यावर तयार झाले. किडनी काढायला पुढं कापावंच लागणार होतं, याची त्यांना कुणी आठवण करून दिली नाही. मीही नाही. मला आक्का पाहिजे होती.

फुगा बसला आणि पहिले चार दिवस दाजींना उलट्या. असं व्हायचंच, डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. पण दाजींनी घर डोक्यावर घेतलं. डायलिसिसवरून आलेली आक्का हाताला पट्टी तशीच ठेवून त्यांच्यापुढं बादली धरून बसायची आणि हे तोंड पुसत म्हणायचे, "तुझ्यापायी ही पाळी आली माझ्यावर."

फुग्यातल्या पाण्यात निळा रंग घातलेला असतो. फुगा फुटला तर लघवी निळी-हिरवी होते, मग लगेच दवाखाना गाठायचा. एवढं कळल्यावर दाजींनी रोज सकाळी सातला मला जयसिंगपूरला फोन लावायला सुरुवात केली. मी दात घासत असायचो. पलीकडून आवाज यायचा, "पावणं, पिवळीच हाय." आक्काला लघवी व्हायचीच बंद झाली होती. त्याबद्दल सहा महिन्यांत त्यांनी एकदाही फोन केला नाही.

लोक आक्काला बघायला यायचे आणि दाजींना बघून जायचे. दाजी सोफ्यावर बसून पाहुण्याचा हात आपल्या पोटावर ठेवायचे. "दाबून बघा की. लाजू नगा. अर्धा लिटर पाणी हाय आत. हिच्यासाठी गिळलंय." मग ठरलेलं वाक्य यायचं. "माझी किडनी बसवली की ही माझ्या जिवावर मुतणार. मग बघतो कशी उलट बोलतीया." पाहुणे हसायचे. तिला उलट बोलताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. आक्का कपबश्या गोळा करून आत जायची. एकदा तिची मावससासू म्हणाली, नशीब काढलंस बाई, तर आक्का हो म्हणाली.

पहिल्या दोन महिन्यांत वजन नऊ किलोंनी उतरलं. मी आईला फोन करून सांगितलं, आईनं ग्रामदैवताला नारळ बोलला. आणि मग काटा जागचा हलेना. तिसऱ्या महिन्यात तो वर चढला. दाजी ताटात अर्धी भाकरी घेऊन बसायचे, तीही टाकायचे. मग वजन वाढतंय कसं? मास्तर माणूस मी, गणित सुटेना तेव्हा एका शनिवारी न कळवता कोल्हापूरला आलो आणि गंगावेशीतून जाताना उत्तर समोरच उभं दिसलं.

संध्याकाळी तिथं म्हशी आणून लोकांपुढं धार काढतात आणि फेसाळतं दूध ग्लासात देतात. दाजी ओठावर फेस घेऊन तिसरा ग्लास संपवत होते. साखर घातलेला.

"दाजी, हे काय करताय?"

"या की पावणं. घ्या एक."

"वजन वाढतंय तुमचं. आक्काकडं किती दिवस आहेत, माहीत आहे का?"

"डॉक्टरनी काय सांगितलंय? घट्ट खाऊ नगा, पातळ घ्या. मग ह्ये काय घट्ट हाय?"

पहिल्या आठवड्यात फक्त पातळ घ्या, असं डॉक्टर म्हणाले होते. दाजींनी ते वाक्य सहा महिन्यांचा परवाना म्हणून खिशात घातलं होतं. फुगा भाकरी अडवतो. दूध, उसाचा रस, रस्सा त्याच्या बाजूनं निवांत निघून जातात. मी चार लोकांत ओरडलो. दाजींनी ग्लास ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "दोन वर्सं आमच्यात जेवून वाढलाईसा पावणं. खाल्ल्या घरचं वासं मोजू नगा. आन् रागवायचंच आसंल तर बहिणीला रागवा. दुकानात थर्मास भरून कोण देतंय? पांढरा रस्सा, वस्त्रगाळ करून."

मी तसाच बावड्याला गेलो. आक्का खोबऱ्याचं दूध गाळत होती. मी विचारलं तर म्हणाली, "मागत्यात. देते." मला वाटलं, भीती. पंधरा वर्षांची सवय आणि भीती. त्या दिवसापासून मला दाजींचा नुसता राग नव्हता, किळस होती.

सहा महिने भरले, फुगा काढला. वजन एकशे सतरा. डॉक्टरांनी कागद खाली ठेवला. बाहेर व्हरांड्यात आई होती, दाजींचे भाऊ होते, दोघं-तिघं भावकीतले होते. त्या सगळ्यांसमोर मी म्हणालो, "दाजी, तुम्ही मारलंत आक्काला. ती अजून मेली नाही, पण मारलंत तुम्ही." दाजी म्हणाले, "जीभ ऐकत न्हाय पावणं." परत फुगा बसवायला मात्र तयार झाले नाहीत.

मृत माणसाची किडनी मिळेल म्हणून आक्काचं नाव यादीत लावलं. यादी पुढं सरकली नाही. तिच्या शेवटच्या थंडीत मी शाळेतून रजा काढून डायलिसिसला तिच्याजवळ बसायचो. एका सकाळी मशीन चालू होतं आणि मी नेहमीप्रमाणं दाजींच्या नावानं शिव्या घालत होतो. आक्का म्हणाली, "दिलप्या, बास कर. त्यांनी मागितलं न्हवतं."

"काय?"

"रस्सा. मीच भरून द्यायची. उलट्या थांबल्यावर बिचारं कन्हत हुतं, मला आता सा म्हयनं ह्या अर्ध्या भाकरीवरच काढायचं म्हणून. मीच म्हटलं, पातळ चालतंय, घ्या. दुधाला बी मीच धाडायची."

"आक्का, तू स्वतःच?"

"त्यांनी दिली आसती रं. फुगा गिळला की माणसानं. पर दिली आसती आन् रोज सांगितलं आसतं. येणाऱ्याला, जाणाऱ्याला. भाजीत मीठ कमी पडलं तर सांगितलं आसतं. माझ्यात त्यांचं काय बी नगं हुतं मला."

"मग नको म्हणायचं होतंस."

"म्हटलं आसतं तर? आईनं पाय धरलं आसतं, तू रडला आसतास. माझं कवा ऐकलंय कुणी? माझ्या हातात एक पळी तेवढी हुती."

"आणि मरशील त्याचं काय?"

"मरीन की," आक्का म्हणाली. "पर माझी म्हणून मरीन."

मशीनमधून तिचं रक्त फिरत होतं, आणि मला चौदाव्या वर्षीचं माझं हसणं आठवत होतं. मग तिनं माझा हात धरला. "मी गेल्यावर सांग त्यांना. न्हायतर जलमभर मनाला लावून घेत्याल. बाकी कसं बी आसू दे, ह्यात त्यांची चूक न्हाय." मी हो म्हणालो. तिच्यासमोर हो म्हणालो.

मार्चमध्ये आक्का गेली. त्यानंतर दाजी वाळायला लागले. फुग्यानं जे केलं नाही ते बायको नसलेल्या स्वयंपाकघरानं केलं. वर्षश्राद्धाला बघितलं तर शर्ट खांद्यावरून लोंबत होता आणि गळ्याखालची कातडी मोकळी झाली होती. त्यांना शंभराच्या आत आलेलं बघून मला दया आली असती तर बरं झालं असतं. मला एवढंच वाटलं, आता काय उपयोग.

त्यानंतर महिन्याभरानं, एका रविवारी दुपारी, ते एसटीनं जयसिंगपूरला आले. आमच्या घरी ते कधी आले नव्हते. त्यांच्या मते बायकोच्या माहेरच्यांनी त्यांच्याकडे यायचं असतं. माझ्या बायकोनं चहा दिला, तो त्यांनी टिपॉयवर ठेवला. फरशीकडे बघतच बोलायला लागले.

"पावणं, त्या दिशी दवाखान्यात तुम्ही बोललासा. भावकी अजून त्येच बोलतीया." त्यांनी मान वर केली. "तुम्ही शिकल्यालं हायसा. खरं सांगा. मीच मारलं का हो तिला?"

आक्काचं वाक्य जसंच्या तसं माझ्या तोंडाशी आलं होतं. ते बोलायला मला अर्धं मिनिटही लागलं नसतं.

"व्हय दाजी," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. हात जोडून उठले आणि स्टँडकडे चालत गेले. चहावर साय धरली होती, ती बायकोनं मोरीत ओतली.

दोन वर्षांनी दाजी गेले. त्या दोन वर्षांत पेपर तपासायला, लग्नांना, औषधाला, कितीतरी वेळा मी कोल्हापूरला जाऊन आलो. बावड्याला एकदाही गेलो नाही. आक्काचा निरोप अजून माझ्याजवळच आहे.