कोळणीची पांढरी बट

पनवेलच्या मासळी बाजारात मी जिच्याकडून बोंबील घेतो, त्या मावशीचं नाव मला आजही ठाऊक नाही. तिची ओळख म्हणजे कपाळावरची पांढरी बट. मासे साफ करता करता ओल्या मनगटाने ती बट सारत असते. बाकीचे केस मात्र रंगवून काळेभोर केलेले.

एकदा मी म्हटलं, "मावशी, एवढी बट रंगवायची राहिली की!"

"राहिली नाय, ठेवलीय! जन्मापासून हाय. आईला होती, मला हाय, लेकाला नाय, आनि नातीच्या डोक्यावर परत आली. शालेत पोरं चिडवतात तिला. माजं सगलं डोकं पांढरं झालं, त ही बट दिसल कशी? पोरीला वाटल, आपून एकटीच हाय."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. मनगटाने ती बट मागे सारत नव्हती, पुढे ओढत होती.