अडीच मीटरवरून टिपलेली नजर

चंद्रपूरच्या आमच्या प्रयोगशाळेत दुरून नजर टिपणारा कॅमेरा बसवायला मला अकरा दिवस लागले. तत्त्व सोपे आहे: डोळ्यांवर न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकायचा, त्याची डोळ्यावरची चमक आणि बाहुलीचा मध्य यांतले अंतर मोजायचे आणि माणूस पडद्यावर नेमके कुठे पाहतो ते काढायचे. प्रत्यक्षात पंख्याच्या कंपनाने भिंग हलत होते आणि पश्चिमेच्या खिडकीतले ऊन ती चमक गिळून टाकत होते. मी खिडकीला काळा कागद लावला, पंखा बंद केला आणि तिपाई काढून कॅमेरा थेट कडाप्प्याच्या ओट्यावर आवळला. अडीच मीटरवरून, डोक्याला काहीही न बांधता, चूक अर्ध्या अंशाच्या आत आली तेव्हा सर म्हणाले, "शोधनिबंधावर पहिलं नाव तुझं." ते माझे मार्गदर्शक होते. त्यांच्यावर विश्वास ठेवण्यासाठी मला वेगळा पुरावा लागत नव्हता.

प्रश्न माझाच होता. गोंडपिपरीपलीकडच्या एका जंगलगावातल्या बायांना पावसाळ्यात वारुळांवर उगवणाऱ्या सात्या, म्हणजे रानअळिंब्या, पाचोळ्यात इतक्या चटकन कशा दिसतात? ओळखीच्या आणि अनोळखी जंगलात त्यांची नजर वेगळी फिरते का? त्यासाठी मी त्यांच्या आणि दुसऱ्या एका जंगलाची छायाचित्रे उन्हाळ्यात काढली. तेव्हा तिथे एकही अळिंबी नव्हती.

त्या गावात सात्यांची जागा कोणी कोणाला सांगत नाही, सख्ख्या बहिणीलासुद्धा नाही. तिकडे बोटही दाखवत नाहीत. म्हणून संमतीपत्रात मी स्वतः ओळ घातली: कोणाची नजर कुठे गेली, हे प्रयोगशाळेबाहेर जाणार नाही. खाली सरांची सही होती. गावातल्या एका वयस्क बाईंनी ती ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली, मग अंगठा दिला.

त्या बाई एका सोबतिणीला घेऊन प्रयोगशाळेत आल्या. खुर्चीत बसल्यावर आधी पडद्यावर एकेक उमटणाऱ्या नऊ टिपक्यांकडे पाहायचे असते, त्यावरून कॅमेरा जुळवतात.

"काऊन वो पोरी, या टिपक्यायले पाय हायेत का? पाहाले गेलं का पळून राह्यले!"

"बाई, सरळ बस ना," मागून सोबतीण म्हणाली, "लग्नाचा फोटो काढून राह्यले तुया."

"हसू नका बाई, डोळे मिटतात."

"मंग रडू का?"

नोंद सुरेख आली. एका चित्रात बाईंची नजर पुन्हा पुन्हा एका वाकड्या मोहाखालच्या वारुळाकडे जात होती. तिथे नुसता पाचोळा होता. मला दोन मिनिटांनी उलगडा झाला: जे त्या तोंडाने कधीच सांगणार नव्हत्या, ते डोळ्यांनी सांगून बसल्या होत्या. त्याच दिवशी मी मागचे जंगल पूर्ण धूसर केलेली प्रत तयार केली आणि सरांना तीच दिली.

पुढे प्रयोगशाळा पाहायला आलेल्या पाहुण्यांसमोरच्या प्रात्यक्षिकात सरांनी सर्व्हरवरची मूळ प्रत लावली. वाकडा मोह, वारूळ आणि त्यावर बाईंच्या नजरेचा लाल डाग. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मोबाइलवर फोटो काढले. ते फोटो गोंडपिपरीपर्यंत पोचले. पावसाळा लागताच कोणीतरी येऊन सात्यांसाठी ते वारूळ कुदळीने मुळापासून उकरून काढले.

"मी धूसर प्रत दिली होती, सर."

"पाहिली. तिच्यावर पाहुण्यांना डुलकी आली असती."

"त्या ओळीखाली तुमची सही आहे."

"अगं, एका वारुळासाठी एवढं?"

"मग निदान त्यांच्या नोंदी काढून टाकू या."

"तसं सहभागी व्यक्तीनं स्वतः सांगावं लागतं," सर शांतपणे म्हणाले. "नियम तूच लिहिलास."

संमतीपत्रातला तो नियम खरोखरच मी लिहिला होता, बायांच्या संरक्षणासाठी. दुसऱ्या दिवशी मी गावात गेले. बाई अंगणात सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. घडले ते सारे मी सांगितले, काहीही न वगळता. मग मी म्हणाले, "बाई, तुम्ही फक्त एवढंच म्हणा, माझ्या नोंदी पुसा. मी लिहून घेते, तुम्ही अंगठा द्या. मग त्या कोणालाही वापरता येणार नाहीत."

त्यांनी दोन खडे बाजूला टाकले.

"त्या वारुळाचं माह्या पोरीलेबी ठाव नोयतं," त्या म्हणाल्या. "म्या तोंडातून काईच काढलं नाई, तरी तुया मशीननं घेतलं. आता मले बोलाले लावून आखीन काय काढशीन?"

"पुसण्यासाठीच विचारते आहे, बाई."

"तवाबी तू असीच गोड बोलली होती."

सूप उचलून त्या आत गेल्या आणि दार लोटून घेतले. मी कोरा कागद घेऊन चंद्रपूरची बस धरली. बाईंच्या नोंदी अजूनही सर्व्हरवर आहेत.