सत्तावीस संघांचे सामने

मागच्या वर्षी शेलार गावाजवळच्या आमच्या शाळेत मी सहावी-सातवीच्या मुलांकडून गणित स्पर्धेची तयारी करून घेत होते. एका दुपारी फळ्यावर उदाहरण होतं: कबड्डीच्या स्पर्धेत सत्तावीस संघ आहेत, हरलेला संघ लगेच बाद होतो, तर विजेता ठरेपर्यंत एकूण सामने किती?

मी एकेक फेरी मांडायला लागले. जोड्या लावताना कधी एक संघ उरायचा, त्याला पुढच्या फेरीत धरायचं. तिसऱ्या फेरीत माझाच गोंधळ झाला आणि मी सगळं पुसून टाकलं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, सव्वीस."

ही सातवीतली मुलगी पाढ्यांना अडखळायची, म्हणून तिने स्पर्धेला नावच दिलं नव्हतं. मैत्रिणीची वाट बघत ती नुसती बसायची.

"कसं काय गं?" मी विचारलं.

"एका मॅचला एक टीम घरी जाते. शेवटी एकच राहायला पायजे. म्हंजे सव्वीस टीम घरी धाडायच्या. आणखी काय न्हाय."

मला इतका आनंद झाला की मी खडू तिच्या हातात दिला आणि सगळ्यांना समजावून सांगायला लावलं. त्याच दिवशी तिने फॉर्म भरला.

स्पर्धेत तिचा नंबर आला नाही. पण निकालाच्या दुसऱ्या दिवशी ती स्टाफरूमच्या दारात उभी होती. पेपरात अडलेली दोन उदाहरणं तिने घरी सोडवली होती, आणि त्यातल्या एकाचं मी परीक्षेनंतर वर्गात सांगितलेलं उत्तर चुकलंय, असं तिचं म्हणणं होतं.

मी पुन्हा करून बघितलं. तिचंच बरोबर होतं.