मागून रिकामी येऊन राहिली

किशनराव खिल्लारे यांनी एकतीस वर्षं एसटी चालवली आणि एकतीस वर्षांत एकाही प्रवाशाला शिवी दिली नाही. हे ते स्वतःच सांगत, आणि दिवसातून दोनदा सांगत. हिंगोली आगारात असा ड्रायव्हर पुन्हा व्हायचा नाही, हेही तेच सांगत. निवृत्त होऊन नरसी नामदेवला घरी येऊन बसले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात बायकोला, जनकाबाईंना, कळून चुकलं की हा माणूस दिवसभर घरात परवडणार नाही. त्या मेथी निवडायला बसल्या की हे समोर खुर्ची टाकून जुडी कोणत्या बाजूनं सोडावी ते सांगायचे. दारात पाहुण्याची मोटारसायकल लागली की उठून ती सरळ लावून यायचे. पाहुणा चहा पीत बसलेला, आणि हे त्याला बाहेरून ओरडून चाकात हवा कमी असल्याचं सांगणार!

"आवं, कुठं तरी जा," जनकाबाई म्हणाल्या. "न्हाई तर काही तरी वाचा. माझं डोकं नका वाचू."

सून संध्या कळमनुरीला शाळेत शिकवते. तिनं शाळेच्या कपाटातून एक पुस्तक आणून सासऱ्यांच्या हातात दिलं. 'पंक्चरचे दिवस', लेखक आल्हाद सबनीस. आता हा सबनीस म्हणजे पुण्याचा रॉकवाला. 'भट्टी' नावाचा त्याचा बँड, केस खांद्यापर्यंत, गाणं म्हणताना डोळे मिटून किंचाळायची सवय. कार्यक्रमाला बाकीचा बँड चारचाकीनं जायचा आणि हा गडी गिटार पाठीला बांधून मोटारसायकलवर. वाटेत जे बिघडेल, जो भेटेल, ते सगळं लिहून काढायचा. त्याची अशी दोन पुस्तकं आली होती आणि गाण्याइतकीच गाजली होती.

किशनरावांनी पुस्तक दोन दिवसांत संपवलं आणि लगेच पहिल्या पानापासून पुन्हा धरलं. संध्याला वाटलं, चला, मामांना गोडी लागली, आता गाणंही ऐकवू. तिनं मोबाईलवर 'भट्टी'चं सगळ्यात गाजलेलं गाणं लावलं. किशनरावांनी अर्धं मिनिट मन लावून ऐकलं.

"बंद कर माय," ते म्हणाले. "गियरबॉक्स गेलाय त्याचा."

गाण्याशी त्यांचा संबंध तिथंच संपला. पुस्तकाशी मात्र असा जुळला की विचारता सोय नाही. सबनीसच्या चाहत्यांचा मोबाईलवर एक ग्रुप होता, 'भट्टीकर' नावाचा. संध्यानं त्यांना त्यात घातलं. तिथं कायमचे दोन तट. गाणेवाले म्हणायचे, हा माणूस पुस्तकं लिहायला लागल्यापासून गाण्यात दम राहिला नाही. पुस्तकवाले म्हणायचे, गाणी तर दहा जण करतील, असं लिहिणार कोण? सांगलीची निलम नावाची एक पोरगी पुस्तकवाल्यांची म्होरकी. सबनीसविरुद्ध कोणी ब्र काढला की ती त्याची अशी हजेरी घ्यायची की समोरचा दोन दिवस ग्रुपवर फिरकायचा नाही.

ह्या धुमश्चक्रीत किशनरावांचा पहिला अभिप्राय पडला. ते सांगत गेले, संध्या टाईप करत गेली. "पान एकसष्टवर लेखक म्हणतात की भरल्या सामानासकट घाट चौथ्या गियरमध्ये चढलो. हे शक्य नाही. गाडी तिसऱ्यात असणार. लेखकाचं लक्ष दरीकडे असल्यामुळे त्यांना आठवत नसेल. बाकी घाटाचं वर्णन बराबर आहे. किशनराव खिल्लारे, निवृत्त ड्रायव्हर, नरसी नामदेव."

ग्रुप हसून लोळला. दुसऱ्या दिवशी खुद्द सबनीसनं लिहिलं, "काकांचं खरं आहे. तिसराच होता." झालं! तेव्हापासून किशनराव सगळ्या ग्रुपचे काका. प्रत्येक प्रकरणावर काकांचं मत काय, हे लोक विचारून राहिले. कोणी काश्मीरला निघालं तर ब्रेकची पट्टी काकांना विचारून बदलायचं. सकाळी आंघोळ करून, बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडून, चष्मा पुसून किशनराव मोबाईल घेऊन बसायचे ते जेवायची हाक येईपर्यंत. जनकाबाईंची मेथी सुखानं निवडून व्हायला लागली. निवृत्तीनंतर आपल्याला कोणी विचारणार नाही, ही धास्ती किशनरावांनी कोणाजवळ बोलून दाखवली नव्हती. ती कुठल्या कुठं पळाली. छाती दोन इंच पुढं आली म्हणा ना.

दिवाळीत तिसरं पुस्तक आलं, 'फाटे फुटलेला रस्ता'. त्यात आपल्या भागाचं प्रकरण आहे म्हणून किशनराव आधी तेच उघडून बसले. जनकाबाईंना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं वाचून राहिले. सबनीसला चार वर्षांपूर्वी हिंगोलीच्या एका कॉलेजात गाण्याचा कार्यक्रम होता. वारंगा फाट्याजवळ मोटारसायकल बसली. ती मेकॅनिककडे टाकून, भुरभुर पावसात गिटारीची लांब पेटी घेऊन तो फाट्यावर उभा राहिला. हिंगोलीची एसटी आली. पुढं लिहिलं होतं:

"मी हात केला. गाडी हळू झाली. ड्रायव्हरच्या गळ्यात पिवळा रुमाल होता. त्यानं खिडकीतून डोकं काढलं, माझ्या पेटीकडे पाहिलं आणि इतक्या प्रेमानं बोलला की मला घरचीच आठवण झाली. 'मागून रिकामी येऊन राहिली, राजा. पाय पसरून बस.' आणि गेला. मी तीन तास उभा होतो. मागून काहीही आलं नाही. हिंगोलीला पोचलो तेव्हा मांडववाले खुर्च्या गोळा करत होते आणि पोरं माझ्या नावानं बोंबा मारून घरी गेली होती."

किशनरावांचा आवाज 'पाय पसरून बस' ह्या शब्दांवर बसला. स्वयंपाकघरातून जनकाबाई हात पुसत बाहेर आल्या.

"हे तर तुमचंच बोलणं हाय," त्या म्हणाल्या. "पिवळा रुमाल बी तुमचाच. मीच शिवला व्हता कडंनं."

"गप. असे लय ड्रायव्हर हायत."

"असू द्या की. राजा म्हणणारा एकच व्हता."

किशनरावांनी लालसिंगला फोन लावला. लालसिंग राठोड त्यांचा शेवटच्या पाच वर्षांचा कंडक्टर, तांड्यावरचा, डोक्यानं तल्लख. कोणत्या थांब्यावर कोण उतरलं हे तो वर्षानं सांगू शकायचा.

"वारंगा फाटा, भुरभुर पाऊस, लांब काळी पेटी. आठवतंय का रे?"

"आठवतंय की," लालसिंग म्हणाला. "पेटीत मुडदा हाय का काय म्हणलो व्हतो मी. एक घंटी मारली ना तुला थांब म्हणून! तू काही थांबला न्हाईस."

"गाडी भरलेली असंल."

"कशाची भरलेली? अकरा माणसं व्हती. तुला म्हणलं बी, घेऊ का त्याला? तू म्हणलास, पेटी चढवायला दोन मिनिटं जातील."

"आन् मागून गाडी?"

लालसिंग फोनवर खो खो हसला. "आता मलाच विचारून राहिला? मागून कधी गाडी राहत व्हती का आपल्या?"

किशनरावांनी फोन ठेवला. त्यांना खरंच वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं ते एवढ्या एका माणसासाठी नाही. गाडी भरली असो, उशीर झालेला असो, नुसता कंटाळा आलेला असो, हे वाक्य ते सरसकट सगळ्यांना सांगत आले होते. शिवी देत नाही म्हणून स्वतःवर खूश होते. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या बाया, परीक्षेला निघालेली पोरं, सगळे 'बरं बाबा' म्हणून फाट्याफाट्यावर मागं बघत उभे राहिले असतील. किती वेळ, कोणाला ठाऊक? त्या दिवशी ते जेवताना एक अक्षर बोलले नाहीत. मिठाबद्दलसुद्धा नाही.

तिकडं ग्रुपवर तेच पान सगळ्यांच्या तोंडी. गाणेवाले आणि पुस्तकवाले जन्मात पहिल्यांदा एक झाले, ते ह्या ड्रायव्हरला शिव्या घालायला. गाणेवाले म्हणाले, ह्याच्यामुळं एक कार्यक्रम बुडाला. पुस्तकवाले म्हणाले, खोटं बोलायचं तर बोल, पण इतकं गोड? निलमनं लिहिलं, "हा माणूस मला भेटला तर भर उन्हात तीन तास उभा करीन. काका, तुमचं मत काय?"

काकांचं मत! दोन दिवस काका गप्प. तिसऱ्या दिवशी त्यांनी संध्याला बसवून सांगितलं, "लिही. ड्रायव्हरच्या डोक्यावर वेळेचं ओझं असतं. पाऊस होता. एकदम त्याला दोष देऊ नये."

संध्याचा हात थांबला. तिला सासूनं सगळं सांगितलेलं होतं. पण तिनं मुकाट्यानं टाईप केलं. पाच मिनिटांत उत्तरांचा पाऊस. "काका, केवढं मोठं मन तुमचं!" "अशा माणसाचीसुद्धा बाजू घेणारे तुम्हीच." "एसटीत सगळे काकांसारखे असते तर!" किशनरावांनी वाचलं आणि मोबाईल उशीखाली सारला. शिव्या परवडल्या असत्या, हे काही परवडेना.

"नाव थोडंच हाय पुस्तकात," जनकाबाईंनी समजूत काढली. "कोणाला कळून राहिलं? गप ऱ्हावा."

गप राहायचं म्हणून राहिले. पण भट्टीकर गप बसतील तर ना! जानेवारीत वीस-पंचवीस जणांनी ठरवलं, पुस्तकातल्या रस्त्यानं मोटारसायकली काढायच्या, वारंगा फाट्यावर थांबायचं आणि तिथंच काकांचा सत्कार करायचा. "जिथं त्या ड्रायव्हरनं आल्हादला सोडलं, तिथंच एका खऱ्या ड्रायव्हरला शाल," असं निलमनं लिहिलं आणि त्याला शंभर जणांनी पसंतीचे अंगठे दिले. किशनरावांना ताप आल्याचं सांगावंसं वाटलं. सांगितलं असतं तर ती पोरं थेट नरसीला आली असती, हेही त्यांना माहीत होतं. ह्या लोकांत जी किंमत मिळाली, ती एका वाक्यानं जाणार. न सांगावं, तर ती किंमत अंगावर घेऊन हिंडायचं कसं? ह्याच कात्रीत त्यांनी दहा दिवस काढले.

रविवारी सकाळी ते जनकाबाई आणि संध्याला घेऊन एसटीनं फाट्यावर उतरले. चहाच्या टपरीसमोर मोटारसायकलींची रांग लागलेली. आणि त्या घोळक्यातून केस बांधलेला एक उंच माणूस पुढं आला. आल्हाद सबनीस स्वतः! कोणाला न कळवता आला होता. पुढं येऊन त्यानं किशनरावांना वाकून नमस्कार केला आणि मिठीच मारली. गळ्यात रुमाल नव्हता, अंगात खाकी नव्हती, त्याला ओळख कुठून पटणार?

"काका, पुस्तक सगळेच वाचतात, तुम्ही तपासता," तो म्हणाला. लोक हसले. मग तो फाट्याकडे बघून म्हणाला, "त्या दिवशी इथं तुमच्यासारखा ड्रायव्हर भेटला असता तर!"

टाळ्या पडल्या. निलम शाल उघडून पुढं आली. जनकाबाईंनी नवऱ्याचा सदरा मागून हळूच ओढला, की गप ऱ्हावा.

"भेटला व्हता," किशनराव म्हणाले.

"काय म्हणालात?"

"त्या दिवशी मीच भेटलो व्हतो तुमाला. पिवळा रुमाल माझा. ते बोलणं बी माझं."

टाळ्या अर्ध्यात विरल्या. निलमच्या हातातली शाल तशीच हवेत. कोणी तरी हसलं, काका गंमत करतायत असं समजून, आणि त्यांचं तोंड बघून थांबलं. सबनीस त्यांच्याकडे बघत राहिला. त्यानं 'का?' असं विचारलं असतं तर किशनराव काही तरी बोलले असते. त्यानं वेगळंच विचारलं.

"काका, मागून खरंच गाडी निघाली होती का? मी मनाची समजूत घालत आलोय, की निघाली असेल आणि वाटेत बिघडली असेल."

किशनरावांनी मान हलवली. "न्हाई साहेब. निघालीच नव्हती. मागून कधीच काही नसायचं. मी सगळ्यालाच तसं म्हणायचो."

निलमनं शालीची घडी घालायला घेतली, मग काय वाटलं कोण जाणे, ती तशीच जनकाबाईंच्या हातात दिली आणि टपरीवाल्याला सगळ्यांचा चहा सांगितला. सबनीस डोक्याला हात लावून मोठ्यानं हसला. "चार वर्षं मी त्या गाडीची वाट बघतोय," तो म्हणाला. "आज कळलं!" त्यानं पाठीवरच्या पिशवीतून पुस्तक काढलं. "पुढच्या आवृत्तीत हे पान काढून टाकतो काका. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"काहून काढता?" किशनराव एकदम चिडले. "चांगलं पान हाय. फक्त अर्धंच लिहिलंय तुमी. आना इकडं."

त्यांनी चष्मा लावला, पुस्तक मोटारसायकलच्या सीटवर ठेवलं, ते पान काढलं आणि सबनीसकडून पेन मागून घेतलं. सगळे भट्टीकर भोवती वाकून बघून राहिले. किशनरावांनी कडेच्या कोऱ्या जागेत सावकाश लिहिलं, "लेखकाचं बराबर आहे. गाडीत अकराच माणसं होती. जागा होती. किशनराव खिल्लारे, ड्रायव्हर."