डाव्या हाताचं जेवण

कुंदा, माझी पाठवणी झाली तेव्हा अख्खं गाव एसटीपाशी आलं होतं, एक आई सोडून. ती ओसरीत तुरीची डाळ निवडत बसली होती. मी पाया पडले तर मान वर न करता म्हणाली, "रडाले काय झालं? कोनी मेलं काय?" मी डोळे पुसले आणि गाडीत जाऊन बसले. तू धाकटी, ओठ दाबून उभी होतीस. आपल्या घरचं वळणच तसं. दुखलं-खुपलं की कामाला लागायचं. आईला माया नव्हती असं कोण म्हणेल? लोणच्याची बरणी तिनं तीन फडक्यांत बांधून दिली होती. बोलणं मात्र तिला कधी जमलं नाही, आणि मलाही.

नागपूरहून रेल्वेनं दुर्ग, तिथून टेम्पोनं भिलाई. ते पहिले दिवस आता झोपेत पाहिल्यासारखे आठवतात. सरळसोट रस्ते, एकसारखी क्वार्टरं, दोरीवरच्या धोतरावर बसलेली लालसर धूळ. पहिल्याच संध्याकाळी ह्यांच्या पोलादाच्या प्लांटकडचं आभाळ एकाएकी नारिंगी झालं आणि मला वाटलं, आग लागली. हे हसले. "स्लॅग ओतून राहिले तिकडे, भट्टीतली गरम मळी." तो उजेड परसातल्या पेरूच्या पानांवर उतरायचा, हळूहळू विझायचा, आणि मी कुठल्या गावात उभी आहे हे मला घटकाभर कळायचं नाही. एका बाजूला तेलुगू शेजारीण, दुसऱ्या बाजूला बंगाली. आम्ही तिघी मोडक्या हिंदीत कढीची कृती सांगायचो.

हे माझ्या अगदी उलटे. ड्यूटीला निघाले की सायकल फाटकाबाहेर काढायचे आणि दोनदा परत यायचे. एकदा पाणी प्यायला, एकदा नुसतंच. मी दारात उभी राहून पाहावं एवढीच त्यांची इच्छा. मला ते अवघडल्यासारखं व्हायचं, मी आत जाऊन भांडी घासायला घ्यायची. जितके ते जवळ यायचे तितकी मी चुलीकडे सरकायची. मग ते चिडायचे. "तू कावून काई बोलत नाहीस वं? मी मेलो तरी तुले फरक पडनार नाही." खरं सांगू? प्लांटचा सुटीचा भोंगा होऊन अर्धा तास उलटला आणि हे आले नाहीत, तर मी एकच खोली चार वेळा झाडायची. हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं.

पोरगी झाली तशी मी तिला आपल्याच तालमीत तयार केलं. सुई टोचून घेताना रडली नाही की सिविक सेंटरच्या बाजारात आइस्क्रीम. पडून उठली, फ्रॉक झटकला, की शाबास. शेजारणी म्हणायच्या, कितनी बहादुर बच्ची है. मी फुशारून जायची.

ती नऊ वर्षांची असेल. त्या दिवशी सायकल फिरवून आली, हातपाय धुतले, मुकाट्यानं अभ्यासाला बसली. जेवायला पोळी नको म्हणाली, वरणभात मागितला आणि चमचा डाव्या हातात धरला. मी खेकसले, "डाव्या हातानं जेवतेत काय?" तिनं उजवा हात मांडीवरून उचलायला घेतला आणि पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. ह्यांनी तिची बाही वर केली. मनगट टम्म सुजलेलं. हे तिथंच, ताटावर, हमसून रडायला लागले. आणि पोरगी त्यांनाच समजावत होती, "पापा, रोओ मत ना. कुछ नहीं हुआ."

दवाखान्यात एक्स-रेच्या रांगेत मी विचारलं, "मले सांगितलं कावून नाही?"

ती म्हणाली, "तू रागावली असती. तुले रडलेलं आवडत नाही."

कुंदा, हाड तिचं मोडलं होतं, पण त्या बाकावर मी पुरती खचले. तिला पोटाशी धरून म्हटलं, "रड. मोठ्यानं रड." ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. पोरीला येईचना. मग माझाच बांध फुटला. सगळी रांग बघत होती. माझं पाहून तिनं आधी एक हुंदका दिला, मग दुसरा, आणि मग अशी रडली की आतून नर्स धावत आली.

पुढं सगळं सुरळीत झालं असं समजू नकोस. ह्यांचं दोनदा परत येणं सुटलं नाही, माझंही तोंड मिटायचं ते मिटतंच. एक मात्र केलं, हे ड्यूटीला निघाले की आता फाटकापर्यंत जाते.

पोरगी इंदूरला होस्टेलवर गेली. रविवारी सकाळी एसटीडीवरून फोन येतो. परवा मी बराच वेळ मेसचं, हवेचं विचारत राहिले. मग जीव मुठीत धरून बोलून टाकलं, "मले तुझ्याबिना करमत नाही वं."

पलीकडून घाबरा आवाज आला, "मम्मी, तुझी तब्येत तो ठीक है ना? पापाले फोन दे."

मी हसले आणि रडलेही. फोन काही ह्यांना दिला नाही. म्हटलं, "ठीक आहे, खरंच. नुसतं करमत नाही."

ती हळूच म्हणाली, "मलेही."

तू प्रत्येक पत्रात विचारतेस, ताई, आता घर कोणतं म्हणायचं, गाव की भिलाई? मला विचारशील तर माझं घर त्या फोनवर झालं, माझ्या चाळिसाव्या वर्षी.