अण्णांची दुरुस्ती

फोन लेल्यांच्या सूनबाईंचा होता. भवानीपूरच्या त्यांच्या घराच्या जिन्यात अण्णा मधेच बसले, पाणी मागितलं, आणि ती पेला घेऊन येईपर्यंत... मी पोचलो तेव्हा तिनं त्यांची पिशवी नीट भिंतीशी टेकवून ठेवली होती. पिशवीत आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताच्या काही प्रती होत्या आणि तो ज्यांच्याकडे होता त्या घरांची यादी. "काका कशाला आले होते, मला खरंच कळलं नाही," ती म्हणाली. "म्हणाले, तुमच्याकडचं पुस्तक द्या, त्यात माझी एक चूक आहे." अण्णा म्हणजे माझे थोरले काका. ऐंशी ओलांडलेले होते. त्यांना जाऊन दीडेक महिना झाला. कोलकात्यातल्या मराठी घरांतून आता ऐकू येतं की शेवटी शेवटी त्यांना भ्रम झाला होता. काकूही तसंच सांगते, तिला ते सोपं जातं. भ्रम वगैरे काही नव्हता. त्यांना लाज वाटत होती आणि ती ते घरोघर जाऊन सांगत होते, एवढंच.

अण्णांचा जन्म इथलाच, त्यांच्या वडिलांचाही इथलाच. भाजीवाल्याशी ते अस्खलित बंगालीत हुज्जत घालत, पण घरात कुणाच्या तोंडून बंगाली शब्द निघाला की डोळे वटारत. इंजिनिअरची नोकरी संपल्यावर त्यांनी आमच्या घराण्याच्या कोलकाता शाखेचा कुलवृत्तांत लिहायला घेतला आणि मग त्यांना दुसरं काही सुचेनासं झालं. बैठकीच्या खोलीत त्यांच्या आजोबांचा, दाजींचा फोटो होता. गोरेपान, घारे, सरळ नाकाचे. येणाऱ्याला आधी त्या फोटोपुढे उभं करायचं आणि म्हणायचं, "हे डोळे बघा. अस्सल कोकणस्थ म्हणतात तो हा." अण्णांचे डोळेही तसेच. माझे काळे, आईवर गेलेले, म्हणून लहानपणी ते मला ‘देशावरचा पाहुणा’ म्हणून चिडवायचे. कुणाच्या मुलाचं लग्न ठरतंय म्हटलं की यांचा पहिला प्रश्न मुलीच्या डोळ्यांबद्दल. आम्ही हसायचो. हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं, हे पुढे कळलं.

मेधाला आणि मला मूल झालं नाही. संस्थेतून रेवाला घरी आणलं तेव्हा ती काही महिन्यांची होती, सावळी, कुणालाही बघून हसणारी. बारशाला अण्णा आले, चांदीची वाटी दिली आणि भरल्या घरात मला विचारलं, "गोत्र काय लावणार हिला? आपलं? रक्त कुणाचं, काही माहिती आहे?" पेढाही न घेता गेले. रेवा तीन वर्षांची असताना कुलवृत्तांत छापून आला आणि अण्णांनी तो इथल्या सगळ्या मराठी घरांत वाटला. त्यात माझं नाव, मेधाचं नाव आणि पुढे दोन शब्द: अपत्य नाही. मेधानं पुस्तक मिटलं आणि त्यानंतर अण्णांच्या घराची पायरी चढली नाही. मी मात्र जात राहिलो, दिवाळीला वाकून नमस्कार करत राहिलो. मोठ्यांशी काय भांडायचं, असं म्हणायचो.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी नवी आवृत्ती काढायचं ठरवलं, आणि या खेपेला त्यांना विज्ञानाचं शिक्कामोर्तब हवं होतं. अमेरिकेत मुलाकडे, शिरीषकडे गेले होते, तिथं त्यांनी नळीत थुंकी देऊन डीएनए तपासायला पाठवला. "आता कोकणचा नकाशा येतो की नाही बघ," मला फोनवर म्हणाले. नकाशा आला तो आयर्लंडचा. जवळजवळ पाव हिस्सा तिकडचा, आणि बापाकडून मुलाकडे उतरणारी जी खूण असते, तीही तिकडचीच. शिरीष हसत सुटला. नळ्यांची अदलाबदल झाली म्हणून अण्णांनी दुसरीकडून तपासून घेतलं, तिथंही तेच. परत आल्यावर सगळ्यांना सांगत राहिले की निकाल अजून यायचाय. मग एका दुपारी माझ्या बँकेत येऊन समोर बसले. "निरंजन, तुला संगणकातलं कळतं. घरी कुणाला बोलू नकोस."

ज्यांच्याशी त्यांचा डीएनए जुळत होता त्यांत आयर्लंडमधल्या कॉर्कजवळची नोरा नावाची एक निवृत्त शिक्षिका होती. तिच्या पणजोबांचा भाऊ मायकेल घरात खायला नाही म्हणून पलटणीत भरती झाला, बंगालला गेला आणि पुढे त्याची पत्रं थांबली. नोरानं अण्णांना थेट ‘भाऊ’ म्हणूनच लिहिलं. उत्तराच्या मायन्यावर अण्णा दोन दिवस अडून बसले होते. बराकपूरच्या छावणीतल्या चर्चच्या जुन्या नोंदी आता घरबसल्या बघता येतात. त्यात मायकेलच्या मुलाचा बाप्तिस्मा सापडला, नाव टॉमस. मग एकाच पावसाळ्यात मायकेलचं दफन आणि त्याच्या बायकोचं दफन, दोघंही तापानं गेलेली. टॉमसचं दफन कुठंच नाही. अनाथालयात नाव नाही, परतीच्या जहाजावरही नाही. त्याच छावणीत रसदखात्यात दाजींचे वडील कारकून होते, लग्नाला बरीच वर्षं होऊन मूल नसलेले. दाजी नवसाचे, असं आमच्या घरात सांगत. त्यांचं जन्मसाल आणि टॉमसचं एकच. गावाकडचं कुणी जवळ नव्हतं, आणि कोकणस्थाच्या मांडीवर गोरं घारं पोर बघून शंका कोण घेणार?

अण्णा आणि मी सियालदह स्टेशनवरून गाडी पकडून बराकपूरला गेलो. दफनभूमीत गवत माजलं होतं, मायकेलचं नाव काही दिसलं नाही. अण्णांनी सवयीनं बाटलीतलं पाणी ओंजळीत घेतलं, तर्पण करायला, आणि तसेच थांबले. "यांचं गोत्र काय म्हणू?" त्यांनी मला विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांचा चेहरा लाल झाला, कानांच्या पाळ्यांपर्यंत. पाणी बोटांतून गळून गेलं. परतताना ते गाडीत खिडकीशी बसले. मग म्हणाले, "माझ्याच नियमानं दाजींच्या वडिलांपुढं ‘अपत्य नाही’ लिहायला हवं. म्हणजे दाजी नाहीत, तुझा बाप नाही, मी नाही. सगळी शाखाच नाही." आणि लगेच त्यांनी विचारलं, "रेवा कितवीत आहे रे?" पंधरा वर्षांत त्यांनी पहिल्यांदा तिचं नाव घेतलं होतं.

पुढच्या रविवारी ते आमच्याकडे आले. मेधा स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. रेवानं ते पान केव्हाच वाचलं होतं, आम्हाला न सांगता. अण्णा बसले नाहीत, तिच्यासमोर उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं आणि म्हणाले, "मी चुकीचं लिहिलं, बाळ. नव्या पुस्तकात तुझं नाव घालतो." रेवाचं मराठी शोधत शोधत येतं, पण त्या दिवशी ती अडली नाही. "तुमच्या डीएनएमध्ये असं आलं म्हणून मी आता चालते का? आणि आलं नसतं तर?" खोटं बोलता आलं असतं अण्णांना. "नसतं आलं तर... नसतं घातलं." रेवा म्हणाली, "मग मला नको."

त्यांनी नवी आवृत्ती काढायचं रद्द केलं. म्हणाले, नव्यात बरोबर छापलं तरी लोकांच्या कपाटातलं जुनं तसंच राहणार. आणि मग त्या वयात ते घरोघर हिंडायला लागले. पुस्तक मागायचं, त्या पानावर काट मारून ‘कन्या रेवा’ लिहायचं, दाजी शिपायाचं अनाथ पोर होते हे सांगायचं, आणि रेवाबद्दल आपण काय केलं तेही सांगायचं. लोक चहा देत आणि ते गेल्यावर काकूला फोन करत. मलाही फोन यायचे, अण्णांना जरा घरात ठेवा म्हणून. ऐकताना माझे कान तापायचे. एकदा मी म्हटलं, "पुरे आता अण्णा, लोक हसतात." ते म्हणाले, "हसू देत. मी कमी हसलोय का लोकांना?"

तेरावा झाल्यावर काकूनं त्यांच्या पिशव्या माझ्याकडे पाठवून दिल्या. मी त्या माळ्यावर टाकायच्या बेतात होतो. रेवानं विचारलं, "किती घरं राहिली?" मी म्हटलं, असतील काही. तिनं सॅक उचलली. आजोबांना माफ केलंस का, असं विचारायचा मला धीर झाला नाही, आणि केलंय असं तिच्या चेहऱ्यावर दिसतही नव्हतं.

शहराच्या बेहाला भागात साठे आजी एकट्या राहतात. त्यांनी कपाटातून पुस्तक काढून दिलं आणि रेवाकडे बघत राहिल्या. मी पान काढलं, खिशातलं पेन रेवापुढं धरलं आणि म्हटलं, "तूच लिही. तुझं नाव आहे."

"मी कशाला लिहू?" ती म्हणाली. "ते तुझ्या नावापुढे आहे, बाबा."

साठे आजींनी चष्मा लावला. मी टेबलाशी वाकलो आणि लिहिलं. आमच्या घरच्या कपाटातसुद्धा ते पुस्तक बारा वर्षं पडून आहे, पण माझ्या हातानं मी ‘कन्या रेवा’ आजवर कुठंच लिहिलं नव्हतं.