परण्याला नेलेली जुनी गाडी

घरात दोन गाड्या आहेत. एक वडिलांची, म्हणजे आबांची, गोल दिव्यांची; दुसरी मी घेतलेली सेडान. टाकी भरून मोजलं तर जुनी लिटरला नऊ किलोमीटर देते, नवी सतरा. जुनीत पेट्रोलचा वास मारतो, उन्हाळ्यात सीट पाठीला चिकटते. माझा जीव तिच्यावरच आहे, पण तिचं कौतुक करणाऱ्यांचा मला वीट आला आहे. त्यांनी ती कधी होटगी रस्त्यावर ढकललेली नाही.

मिस्त्रीने मला बजावलं होतं, आता एकदा जरी इंजिन तापलं तरी इंजिनावरचं झाकण, म्हणजे हेड, तडकेल, आणि या गाडीचं हेड आता कुठेच मिळत नाही.

बहिणीच्या मुलाचं लग्न ऐन मे महिन्यात निघालं. पारा त्रेचाळीसवर. लग्नाआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला नेतात, तो परण्या. एरवी घोडा असतो. दाजींना, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याला, जुनी गाडी हवी होती.

मी म्हटलं, "दाजी, नवी न्या. हिचा पंखा इंजिनावर फिरतो. इंजिन मंद, की पंखा मंद. नवीचा विजेवर आहे, गाडी उभी असली तरी फिरतो."

"तसली गाडी गल्लीत चौघांकडं हाय की पाव्हणं! तिला कोण बघतंय?"

बहीण म्हणाली, "दादा, आबांची गाडी आहे. तेवढं कर की."

आबांचं नाव काढल्यावर मी हो म्हणालो, पण पुढची जाळी मोकळी ठेवायच्या अटीवर. हवा तिथूनच आत जाते.

सकाळी बघतो तर जाळी झेंडूने गच्च भरलेली, वर थर्माकोलचं बदाम. मी माळा बांधलेल्या तारा उपटायला लागलो, तर दाजींनी हात धरला. "मुहूर्त हाय. देऊळ हितंच तर हाय." चार पाव्हण्यांसमोर तमाशा नको म्हणून मी स्टिअरिंगवर बसलो.

देवळाच्या अलीकडे नाचणाऱ्या पोरांनी रस्ता अडवला. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. मी हॉर्न वाजवला. त्यांना वाटलं मामा ताल धरतोय. ती आणखी जोरात नाचू लागली. बॉनेटमधून वाफ उसळली तेव्हा तर शिट्ट्या पडल्या.

"मामांनी धुराचं मशीन लावलंय रे!"

मी इंजिन बंद केलं. नवरदेव उतरून कुणाच्या तरी बुलेटवर देवळात गेला. मी जाळीतून झेंडू उपसत बसलो. तो भाजीसारखा शिजला होता. शेजारी फोटोग्राफर म्हणत होता, "काका, जरा बाजूला व्हा, वाफ लई भारी येतीय."

लग्न उरकल्यावर गॅरेजमध्ये मिस्त्रीने हेड उतरवून माझं बोट त्यावरून फिरवलं. तडा नखाला लागला. दाजी मागे उभे होते.

"वेल्डिंग मारून टाका की पाव्हणं. वरून कुणाला दिसतंय?"

मी मिस्त्रीला म्हटलं, वेल्डिंग नको, हेड डिकीत ठेव आणि बॉनेट लाव.